‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर’च्या पुढे: हृदयविकार आणि पक्षाघाताच्या संशोधनात रुग्णांना सोबत घेताना

रुग्णांशिवाय संशोधन होत नाही. रक्तदाब त्यांचा मोजतात, ईसीजी त्यांचा निघतो, संमतीपत्रावर सही किंवा अंगठा त्यांचाच असतो. हा लेख त्या सहभागाबद्दल नाही. कोणता प्रश्न अभ्यासायचा, कागदावर काय लिहायचं, फेरतपासणीला कधी बोलवायचं, आलेल्या निकालाचा अर्थ काय लावायचा, हे ठरवताना रुग्ण, त्यांची घरची माणसं आणि वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वयंसेवक टेबलाच्या आपल्या बाजूला कसे बसवायचे, त्याबद्दल हा आहे. एमडी-डीएनबी या पदव्युत्तर पदव्यांसाठी प्रबंध करणारे डॉक्टर, संशोधन समन्वयक, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था यांना तो उपयोगी पडावा. शेवटचा भाग मात्र अशा बैठकीचं बोलावणं आलेल्या रुग्णांसाठी आहे.

आपल्याकडे खरी अडचण इच्छेची नसते. बोलावलं तर लोक येतात, आदराने बसतात, चहा घेतात आणि प्रश्न विचारला की म्हणतात, “तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर.” इतिवृत्तात ‘सर्वानुमते मान्य’ असं लिहिलं जातं आणि सहभाग संपतो. पुढच्या बहुतेक सूचना या एका वाक्याभोवती फिरतात.

आधी एक गल्लत दूर करू

“आमच्या एथिक्स कमिटीत सामान्य नागरिक आहे की,” असं उत्तर हमखास मिळतं (एथिक्स कमिटी म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासून मंजुरी देणारी समिती). असतोच, कारण कायद्यानेच तो असावा लागतो. २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक सामान्य व्यक्ती, एक स्त्री सदस्य आणि एक कायदेतज्ज्ञ हवेत, आणि निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे हवेत. पण या सदस्याचं काम राखणदाराचं आहे. रुग्णाची फसवणूक होत नाही ना, धोका वाजवीपेक्षा जास्त नाही ना, हे तो पाहतो, आणि तेही आराखडा तयार होऊन समोर आल्यावर. त्याला स्वतःला कधी हृदयविकाराचा झटका आलेला असेलच असं नाही. त्यामुळे तो असला तरी रुग्णांचा सल्लागार गट वेगळा लागतोच.

दुसरी गल्लत याहून नाजूक आहे. सल्लागार गटातल्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्याचं विश्लेषण छापायचं असेल, तर ते सल्लागार राहत नाहीत, अभ्यासाचे विषय होतात. मग त्यांचीही रीतसर संमती आणि समितीची मंजुरी लागते. दोन्ही एकाच बैठकीत उरकू नका. आणि काहीही असो, सल्लागार गट असणार आहे, त्यात कोण असतील आणि त्यांना काय मानधन मिळेल, हे मूळ आराखड्यातच लिहून समितीपुढे ठेवा.

बोलवायचं कधी

प्रश्न ठरण्याआधी. निधीचा अर्ज गेला, औषधाची मात्रा ठरली, फॉर्म छापून आले आणि मग रुग्णांना विचारलं, तर ते मुहूर्त, मंडप, आचारी सगळं ठरल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखं आहे.

आधी विचारल्याने काय बदलतं याचं उत्तम उदाहरण स्कॉटलंडमधलं आहे. तिथे पक्षाघातातून उठलेले लोक, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे यांनी मिळून, पक्षाघातानंतरच्या आयुष्याबद्दल कोणत्या प्रश्नांची उत्तरं आधी शोधावीत, याची दहा कलमी यादी केली. ती २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या क्रमांकावर स्मरणशक्ती आणि विचारशक्ती सुधारण्याचे उपाय आले. त्याखाली कायम राहणाऱ्या परिणामांशी जुळवून घेणं, मग बोलणं हरपणं. थकवाही यादीत होता. डॉक्टरांच्या खोलीत बसून यादी केली असती तर सुरुवात बहुधा हातापायांच्या ताकदीपासून झाली असती.

आपल्याकडे विचारून काम करण्याची परंपरा नाही असं नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना तो कसा हवा ते विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, अशी उत्तरं आली. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्यांचा, सोबतच्या माणसांना राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. याच संस्थेने पुढे ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं घरोघरी नातेवाइकांना विचारून शोधली. त्यांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला, १४.३ टक्के. लकवा हा शहरातल्या, बैठं काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत त्या आकड्यापुढे टिकत नाही. आणि हा आकडा रुग्णालयाच्या नोंदवहीतून निघालाच नसता, कारण त्यातले कितीतरी जण रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नव्हते.

घरच्या माणसांकडून काम करून घेणं म्हणजे त्यांना विचारणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. २०१७मध्ये ‘अटेंड’ या भारतीय चाचणीचे निकाल आले. १४ केंद्रांतल्या १,२५० पक्षाघात रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. चाचणी चोख होती, म्हणूनच तिचं ‘नाही’ हे उत्तर मोलाचं आहे. पण तुमच्या आराखड्यात ‘कुटुंबाचा सहभाग’ असा शब्द असेल, तर त्याचा अर्थ सुनेच्या डोक्यावर आणखी एक काम असा तर नाही ना, हे त्या सुनेलाच विचारा.

कोणाला बोलवायचं

सहा ते आठ जण पुरेत. त्याहून मोठा गट झाला की दोघंच बोलतात. एकट्यादुकट्या रुग्णाला मोठ्या समितीत बसवू नका. किमान दोघं असावेत, म्हणजे एकमेकांकडे पाहून बोलायचा धीर येतो.

सगळ्यात सहज सापडतात ते निवृत्त बँक अधिकारी किंवा शिक्षक: बायपास झालेली, वेळेवर गोळ्या घेणारी, इंग्रजी समजणारी मंडळी. त्यांतला एक जरूर घ्या, पण एकच. बाकीच्या जागा अशा लोकांना ठेवा: गोळ्या मध्येच सोडून दिलेला माणूस (तो का सोडल्या ते सांगेल, आणि ते तुम्हाला हवंच आहे), लकव्यानंतर बोलणं अडलेली व्यक्ती, चाळिशीच्या आत झटका आलेला रिक्षावाला किंवा कामगार, रुग्णाला रोज अंघोळ घालणारी बायको, मुलगी किंवा सून. हृदयविकार नसलेला, पण गावात रक्तदाब तपासणीला मदत करणारा एखादा स्वयंसेवक किंवा बचत गटातली ताई असली तर फार उत्तम. तिला गावाची भाषा आणि गावाचं राजकारण दोन्ही ठाऊक असतं.

शोधायचं कुठे? फिजिओथेरपी विभागाबाहेरचा बाक ही सगळ्यात चांगली जागा. तिथे लोक तासन्‌तास बसलेले असतात आणि एकमेकांना सल्ले देत असतात. शिवाय औषध वाटपाची रांग, ज्येष्ठ नागरिक संघ, आशाताई. मात्र बोलावणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः देऊ नये. डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे जवळपास अशक्य आहे. समाजसेवा अधीक्षकाने किंवा समन्वयकाने द्यावं आणि सोबतच्या पत्रात ठळक लिहावं: आलात किंवा नाही आलात, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.

पैशाचं आधी बोलून घ्या

फुकट सल्ला घेण्याची सवय आपल्या संस्थांना फार आहे. बैठकीला आलेल्या सांख्यिकी तज्ज्ञाला मानधन देतो, आणि दोन बस बदलून आलेल्या रुग्णाला नारळ-शाल. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो, सोबत आलेल्याचाही बुडतो. दोघांची मजुरी, प्रवास आणि ठरलेलं मानधन अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याच दिवशी रोख किंवा यूपीआयने द्या. ‘बिल जोडा, तीन महिन्यांनी खात्यात येईल’ म्हणालात तर पुढच्या वेळी तो माणूस दिसणार नाही.

एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट. ते पाहून लेखा विभाग प्रवासभत्ता कापायला निघतो. सोबतच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं, स्थानकापासून रुग्णालयापर्यंतची रिक्षा तर कोणालाच सवलतीत नसते, हे त्यांना आधीच लिहून द्या.

बैठक: बारीकसारीक, पण तिथेच सगळं अडतं

तळमजला किंवा चालती लिफ्ट. हात असलेल्या खुर्च्या, कारण एका बाजूची ताकद गेलेल्या माणसाला बिनहाताच्या खुर्चीतून उठता येत नाही. स्वच्छतागृह जवळ हवं. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय कमजोर झालेले, बरेच रुग्ण सकाळी लघवीची गोळी घेतात आणि त्यानंतरचे दोन-तीन तास त्यांचं लक्ष तिकडेच असतं. जागा दूर असेल तर ते गोळीच चुकवून येतात, आणि हे कोणी तुम्हाला सांगत नाही. चहा अर्धा कप, कानाच्या कपातून. खायला बटाटेवडा ठेवून हृदयरोगावर चर्चा करणाऱ्या बैठका असतात, त्यावर काय बोलावं!

दीड तासाच्या वर जाऊ नका आणि मध्ये विश्रांती ठेवा. पक्षाघातानंतरचा थकवा आळस नसतो. तासाभराने माणूस गप्प झाला तर तो सहमत झालाय असं समजू नका.

बोलणं अडलेल्या व्यक्तीसाठी वेगळी तयारी लागते. एका वेळी एकच प्रश्न. प्रश्नातला मुख्य शब्द मोठ्या अक्षरात कागदावर. ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ अशी तीन कार्डं आणि काही चित्रं समोर. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ते दहा आकडे फार लांब वाटतात, म्हणून आपण त्यांचं वाक्य पूर्ण करून टाकतो. ते करू नका, त्यांच्या बायकोलाही करू देऊ नका. डाव्या बाजूचं भान हरपलेल्या रुग्णापुढे कागद उजवीकडे सरकवा, नाहीतर अर्धं पान त्यांच्या लेखी नसतंच.

डॉक्टरांनी पांढरा कोट बाहेर ठेवावा आणि पहिला अर्धा वेळ फक्त ऐकावं. बैठक दुसऱ्याने चालवावी. हे सांगायला सोपं आहे. ज्येष्ठ प्राध्यापकांना तोंडावर सांगायला धाडस लागतं. आराखड्यातच लिहून ठेवलं तर सांगणाऱ्याची सुटका होते.

‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य आल्यावर

“तुम्हाला काय वाटतं?” या प्रश्नाला “चांगलंय” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी हातात काहीतरी द्या. एकाच माहितीपत्रकाचे दोन मसुदे द्या आणि यांतला कोणता फाडून टाकू, असं विचारा. किंवा प्रश्न त्यांच्यावरून काढून शेजाऱ्यावर न्या: “तुमच्या शेजारणीच्या हातात हा कागद दिला तर ती कुठे अडेल?” स्वतःला कळलं नाही हे कबूल करायला संकोच वाटतो, शेजारणीच्या नावावर सगळं मोकळं बाहेर येतं.

प्राधान्य ठरवायचं असेल तर चिंचोके घ्या. पाच-सहा प्रश्नांची चित्रं सतरंजीवर मांडा, प्रत्येकाला दहा चिंचोके द्या, ज्याची काळजी जास्त त्यावर जास्त ठेवा म्हणा. सगळ्यांनी एकदम ठेवायचे, म्हणजे पहिल्याचं पाहून दुसरा ठेवत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं मतही इथे बरोबरीने मोजलं जातं. मग सगळ्यात मोठ्या ढिगाकडे बोट दाखवून “हे का?” विचारा. खरं बोलणं तिथून सुरू होतं.

संमतीपत्र त्यांच्याकडून तपासून घ्या

एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. नेहमीचं वाक्य असं असतं:

“सदर अभ्यासात आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल.”

गटासमोर मोठ्याने वाचलं की शांतता पसरते. तुम्ही म्हणता, म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवणार. लगेच कोणीतरी विचारतं, मग ज्याला चांगली चिठ्ठी निघेल त्याला चांगलं औषध का? हा प्रश्न फार मौल्यवान आहे. दोन्हींपैकी चांगलं कोणतं हे अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून तर अभ्यास करायचाय, ही गोष्ट मूळ वाक्यात नव्हतीच. तासाभराच्या चर्चेनंतर मसुदा साधारण असा होतो:

“या दोन औषधांपैकी जास्त गुणकारी कोणतं, हे आज कोणालाच माहीत नाही. तुम्हाला कोणतं मिळेल ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवेल. डॉक्टर ठरवणार नाहीत, वशिला चालणार नाही. कोणतंही मिळालं तरी तपासण्या आणि काळजी सारखीच घेतली जाईल.”

‘वशिला’ हा शब्द एथिक्स कमिटीला खटकू शकतो. ठेवा, आणि का ठेवला ते सांगा. बदललेला मराठी मसुदा समितीने मंजूर केल्याशिवाय वापरता येत नाही, तेव्हा वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवा. प्रश्नावलीतही ‘पक्षाघात’ सोबत ‘लकवा’ आणि ‘अंगावरून वारं जाणं’ हे दोन्ही लिहा, नाहीतर घरात रुग्ण असूनही ‘नाही’ वर खूण होते.

सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत अभ्यासाचा थोडक्यात सारांश द्यावा लागतो. तो गटाला वाचून दाखवा आणि सोपा करून घ्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण दाखल होण्याआधी तिथे नोंदणी झालेली असावी लागते, २००९पासून ते बंधनकारक आहे.

काय मोजायचं आणि कधी

पक्षाघाताच्या चाचण्यांमध्ये रुग्ण किती परावलंबी झालाय हे मोजायला रॅन्किन मोजपट्टी वापरतात: शून्य म्हणजे काही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. जगभरच्या अभ्यासांशी तुलना करायला ती हवीच. पण गटाला विचारलं की वेगळीच मोजमापं निघतात. उकिडवं बसता येतं का. साडी स्वतः नेसता येते का. उजवा हात गेलेल्या माणसाला पंगतीत डाव्या हाताने जेवायची लाज वाटते, म्हणून तो लग्नाकार्याला जाणंच सोडतो. रॅन्किनच्या आकड्यात यातलं फारसं उतरत नाही. निदान दुय्यम निकष म्हणून यातले दोन-तीन घ्या.

असे निकष घेतल्याचा फायदा ‘योगा-केअर’ या चाचणीत दिसतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातल्या २४ केंद्रांत ती झाली, निकाल २०२०मध्ये आले. पुन्हा झटका, पक्षाघात, मृत्यू यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. पण योगाधारित पुनर्वसन घेतलेल्यांना स्वतःची तब्येत जास्त चांगली वाटत होती आणि झटक्याआधीची कामं ते जास्त प्रमाणात करू लागले होते. ते विचारलंच नसतं तर कळलं नसतं.

वेळेचंही तसंच. बीडमध्ये दिवाळीच्या आधी रुग्ण घेतले आणि सहा महिन्यांच्या आत तीनदा फेरतपासणी ठेवली, तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं निम्म्या वेळेला सापडायचीच नाहीत. कोकणात गणपतीत आणि बाकी ठिकाणी पेरणीत तारखा देऊ नका. मुंबई-पुण्यात बसून केलेल्या वेळापत्रकातली ही भोकं गटातला एखादा शेतकरी दोन मिनिटांत दाखवतो.

नोंद आणि निकाल

वहीत तीन रकाने आखा: त्यांनी काय सुचवलं, आपण काय केलं, केलं नसेल तर का नाही. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या पानाच्या वाचनाने करा. रुग्णांचा विश्वास टिकवणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. ‘केलं नाही, कारण पैसे नव्हते’ हे उत्तरही त्यांना चालतं; उत्तरच न मिळणं चालत नाही. शोधनिबंधात हा सहभाग कसा मांडावा यासाठी २०१७पासून ‘ग्रिप-२’ नावाची तपासणी यादी आहे. हा तीन रकान्यांचा तक्ता असेल तर ती भरणं सोपं जातं.

निकाल छापून येण्याआधी गटापुढे ठेवा आणि अर्थ त्यांना लावू द्या. ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत ३१ केंद्रांतल्या ४,२९८ पक्षाघात रुग्णांपैकी निम्म्यांना १२ भाषांत एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका दिली. गोळ्या घेण्यात सुधारणा झाली, धूम्रपान आणि दारूही कमी झाली, पण पुन्हा झटका येण्यात फरक दिसला नाही आणि चाचणी लवकर थांबवावी लागली. अशा निकालावर “मग आमच्या घरी काय घडत होतं?” हे बोलायला रुग्णांपेक्षा योग्य कोण?

शेवटी दोन पानी मराठी पत्रक काढा, निकाल ‘फरक पडला नाही’ असा असला तरीही. नाव छापायचं की नाही, हे प्रत्येकाला वेगळं विचारा. काहींना आजार गावात कळू द्यायचा नसतो, विशेषतः घरात लग्नाची मुलं असतील तर.

अडचणी येणारच

एखादा सदस्य बैठकीत रुग्णालयाच्या तक्रारी मांडत राहील. त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळी वेळ नेमून द्या, दडपू नका. एखादे स्थानिक पुढारी अध्यक्षपद मागतील. गटाला अध्यक्षच नको, असं पहिल्या दिवशी ठरवलं की प्रश्न मिटतो. बैठकीतच कोणाचा चेहरा वाकडा झाला, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर चर्चा तिथेच थांबवा, वेळ लिहून ठेवा आणि थेट आपत्कालीन विभागात न्या. बाहेर गावात असाल तर १०८. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि गटातलं कोणी गेलं, तर समन्वयकाने घरी भेटून यावं, राहिलेलं मानधन पोहोचवावं आणि गटातल्या बाकीच्यांना ती बातमी फोनवर स्वतः सांगावी, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये.

तुम्हालाच बोलावणं आलं तर

होकार देण्याआधी हे विचारून घ्या. मी इथे सल्ला द्यायला आलोय की माझ्यावर औषध तपासणार आहात? माझ्या सांगण्याने अजून काय बदलू शकतं आणि काय आधीच ठरलंय? किती बैठका, किती वेळ, येण्या-जाण्याचे आणि बुडालेल्या मजुरीचे किती पैसे, आणि कधी? माझ्या आजाराची माहिती कोणाकोणाला कळेल? मध्येच सोडलं तर चालेल का? सोबत मुलीला आणलं तर तिचंही भाडं द्याल का? निकाल मला मराठीत कोण सांगणार? काही खटकलं तर या डॉक्टरांना सोडून दुसऱ्या कोणाशी बोलू? त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर पत्रावर लिहून मागा, आणि घरी गेल्यावर एकदा तो नंबर लावून पाहा.